बसमधील दोन इन्व्हर्टर आणि चार बॅटऱ्या

जुनी बस राहण्याजोगी करताना सर्वाधिक वेळ वायरिंगने घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. १२ व्होल्टच्या, प्रत्येकी १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या आम्ही समांतर जोडल्या; परंतु धन आणि ऋण या दोन्ही मुख्य केबल पहिल्याच बॅटरीवरून घेतल्यामुळे सगळा ताण तिच्यावर येई आणि चौथी बरीचशी भरलेलीच राही. धन केबल पहिलीवरून व ऋण केबल चौथीवरून घेताच भार बराच सारखा विभागला गेला.

२००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १८० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. आमचे एक थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक, नीट दाबले गेले नव्हते, तर तेवढ्यानेच त्यावरचे लाल आवरण तपकिरी पडले आणि बोटाला चटका बसला. म्हणून आता प्रत्येक इन्व्हर्टरला स्वतंत्र जाड केबल आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर स्वतंत्र फ्यूज आहे.

साध्या इन्व्हर्टरांचे २३० व्होल्टचे आउटपुट मात्र कधीही एकमेकांना जोडू नयेत; त्यांच्या लहरी जुळत नसल्याने दोन्ही जळू शकतात. आमच्याकडे फ्रिज व दिवे एकावर, तर मिक्सर व पंप दुसऱ्यावर चालतात, आणि दोघांच्या न्यूट्रल तारासुद्धा वेगळ्याच ठेवल्या आहेत.