काळा स्फटिक आरपार दिसला

नवतपा लागला होता. बाहेर ४५ अंश, प्रयोगशाळेतला कूलर नुसता घरघरत होता आणि भट्टीच्या नळीत ५८०.

स्फटिकांची आधीची खेप हातची गेली होती. रात्री लाईट गेली, निर्वात पंप थांबला, तापल्या नळीत हवा शिरली आणि स्फटिकांत उरायला हवा तो कार्बन जळून गेला. सकाळी स्फटिक फिक्कट निघाले तेव्हा मला रडूच आलं. म्हणून या वेळी मी आणि आमचे सहायक काका रात्रभर पंपापाशी बसलो.

हे स्फटिक अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटचे. दिसायला साखरेच्या चुऱ्यासारखे, पण आत सरळ समांतर बोगदे, जेमतेम ०.७३ नॅनोमीटर रुंद. स्फटिक वाढवताना घातलेलं ट्रायप्रोपिलअमाइन हे कार्बनयुक्त रसायन त्यांत अडकून राहतं. हवा न लागू देता तापवलं की त्यातला कार्बन मागे उरतो, आणि जागाच एवढी अरुंद की त्याची ०.४ नॅनोमीटरची नळी होते. इतकी बारीक नळी मोकळ्यावर टिकणं अवघड. बोगद्याची भिंतच तिला धरून ठेवते.

२००१ साली हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या तांग आणि शेंग यांच्या गटाने याच नळ्यांत १५ केल्विनखाली, म्हणजे उणे २५८ अंशांच्या आसपास, अतिवाहकतेची, म्हणजे वीज अजिबात रोध न होता वाहण्याची, खूण दाखवली: चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटणं. एम.एस्सी.ला हे वाचलं आणि मी अडकलेच. एकाच रेषेत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची अतिवाहकतेला लागणारी जुळणी उष्णतेच्या थरथरीने मोडते, असं आम्ही शिकलो होतो. शेजारशेजारच्या नळ्या एकमेकींना सावरून घेतात, हे पुढच्या कामातून कळलं तेव्हा जीव शांत झाला.

सकाळी भट्टीची नळी उघडली. स्फटिक काळेभोर. पण काळा म्हणजे नुसती काजळीही असू शकते, म्हणून एक सूक्ष्मदर्शकाखाली आडवा ठेवला आणि ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारी चकती, फिरवू लागले. प्रकाशाचं कंपन बोगद्यांच्या दिशेने असताना स्फटिक डांबरासारखा. ३० अंश, ६० अंश, कडा उजळत गेल्या; ९०ला तो काचेसारखा स्वच्छ! काजळी असं करत नाही. कार्बन एका रांगेत, एका दिशेने उभा होता.

काकांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, ध्रुवक एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला.

"मॅडम, हे तं गायबच होऊन राहिलं ना!"

एवढं थंड करायला लागणाऱ्या द्रव हेलियमची सोय आमच्याकडे नाही. नमुने थंड मोजणीसाठी बाहेर पाठवायचे होते. सहा स्फटिक निवडून डबीत भरले. सातवा काकांनी मागून घेतला, दुपारी येणाऱ्या पोरांना दाखवायला.