म आणि नी नसलेली गाडी

लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर बालवाडी भरते. तिथल्या ताई एकदा म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेटी वाजवता ना? आमच्या पोरांना वाजवायला काहीतरी करून द्या." पेटी ठेवून पाहिली होती. एका हाताने भाता, दुसऱ्याने पट्ट्या, हे चार वर्षांच्या मुलाला झेपत नाही. टोला मारला की वाजलं पाहिजे, एवढं मनाशी ठरवलं.

गुलालवाडीतून ॲल्युमिनियमची पाऊण इंची नळी आणली. ४० सेंटिमीटरचा तुकडा साधारण पांढरी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराला, बोलला. तोच सा धरला. आणि पुढच्याच तुकड्याला चुकलो. तार निम्मी केली की वरचा सा मिळतो, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. म्हणून २० सेंटिमीटरवर करवत चालवली, तर स्वर थेट दोन सप्तकं वर! टोल्याने वाजणारी नळी वाकून कंप पावते. तिची लांबी निम्मी केली तर कंपनं दुप्पट नाही, चौपट होतात. वरच्या सासाठी २८.३ सेंटिमीटर हवे होते. मग पुन्हा हिशोब मांडला: रे ३७.७, ग ३५.८, प ३२.७, ध ३१. प्रत्येक तुकडा दोन-तीन मिलिमीटर लांब कापून कानसीने उतरवत आणला. घासताना नळी तापते आणि स्वर किंचित उतरतो, त्यामुळे गार झाल्यावरच तंबोऱ्याशी ताडून पाहायचं. हे कळेपर्यंत दोन तुकडे वाया गेले. कडा मात्र सगळ्यांच्या गोल केल्या. लहान बोटांचा प्रश्न होता.

म आणि नी मुद्दामच कापले नाहीत. भूप रागाचे सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर घेतले की दोन मुलं एकाच वेळी कुठेही ठोकू देत, कानाला खुपत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या शिकवण्याच्या पद्धतीतही झायलोफोनच्या नको असलेल्या पट्ट्या उचलून बाजूला ठेवतात. मला ते फार पटतं. "चुकलं" हा शब्द पहिल्या दिवशी मुलांच्या कानावर पडूच नये.

नळ्या एका लाकडी चौकटीत फोमच्या दोन पट्ट्यांवर मांडल्या. पट्टी टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, म्हणजे सासाठी ९ सेंटिमीटरवर. तिथे नळी जवळजवळ हलत नाही, म्हणून आस, म्हणजे टोल्यानंतर रेंगाळणारा नाद, दाबली जात नाही. मुलं खूश झाली, पण आठवड्याभरात एक मुलगा नळ्या उपसून उलटसुलट लावू लागला. ताई त्याला ओरडणार तेवढ्यात मी थांबवलं. तो नळ्या ओळीने मांडून त्यांवरून काठी सर्रकन फिरवत होता. चाल तो वाजवत नव्हता, रचत होता! फक्त जागा बदललेल्या नळ्या बद्द वाजत होत्या, कारण फोम आता भलत्याच ठिकाणी टेकत होता.

चौकट मोडली. प्रत्येक नळीला तिच्या मापाची स्वतंत्र फळी दिली, फोम तिच्या तिच्या जागी. सा आणि प दोन-दोन केले. मुलांनी लगेच त्यांना डबे म्हणायला सुरुवात केली. करी रोडच्या पुलावरून रोज गाड्या बघणारी पोरं ती, जोडाजोडी त्यांना शिकवावी लागली नाही. एक डबा काढून फट ठेवली की स्टेशन. विश्रांतीची मात्रा मी इतक्या सोप्या रीतीने कुणाला समजावू शकलो नसतो.

एका मुलीला तिची गाडी घरी न्यायची होती. डबे देता येईनात, म्हणून वहीत प्रत्येक नळीसाठी तिच्या लांबीच्या बेताची एकेक उभी रेघ काढून दिली. सोमवारी ती नवीनच रेघा काढून आली, नऊ होत्या, मध्ये एक स्टेशन. वहीत बघून तिने डबे लावले, आठव्या जागेशी अडली आणि म्हणाली, "काका, इथे तिसरा सा लागतो."

शनिवारी गुलालवाडीला जाऊन नळी आणली.