'वी' म्हणजे नेमके कोण?

इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स मी करते. लोकांना वाटतं, शिव्या आणि विनोद जड जात असतील. मला अडवतं ते एवढंसं 'वी'.

एका पार्टीत नवरा, बायको आणि बायकोची मैत्रीण उभे आहेत. नवरा घड्याळ बघून म्हणतो, 'वी शुड गो.' मी 'आपण निघूया' लिहिलं तर मैत्रीणही त्यांच्या गाडीत बसते. 'आम्ही निघतो' लिहिलं तर ती तिथेच राहते. इंग्रजी प्रेक्षकाला हे कळलेलं नसतं आणि कधीकधी लेखकाला तेच हवं असतं. ते झाकलेलंच ठेवायचं तर सर्वनाम गाळायचं: 'निघायला हवं.' मराठीत क्रियापद असं एकटं उभं राहू शकतं, हे किती मोठं सुख आहे!

हा भेद गुजरातीत आहे, तमिळमध्ये आहे, इंडोनेशियन भाषेतही आहे: 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण. हिंदीचं मात्र एका 'हम'वर भागतं. 17 ऑगस्ट 1945 रोजी वाचलेली इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा 'कामी'नेच सुरू होते, कारण ती साऱ्या जगाला ऐकवायची होती.

आपली उद्देशिकाही 'आम्ही, भारताचे लोक' अशी सुरू होते. माझ्या भावाचं म्हणणं, तिथे 'आपण' हवं होतं, सगळे त्यात आले असते. मला ते अजिबात पटत नाही. 'आपण, भारताचे लोक' म्हटलं की व्यासपीठावरून कुणीतरी समोरच्यांना आदराने संबोधतंय असं वाटतं, कारण आपला 'आपण' 'तुम्ही'च्या जागीही बसतो. 'आम्ही'त ती फट नाही. म्हणणारा प्रत्येक जण त्यात स्वतः उभा असतो, आणि शेवटी संविधान 'स्वतःप्रत अर्पण' करायचं असतं.

'यू'चं दुखणं वेगळं. इंग्रजीतला जुना 'दाउ' बोलण्यातून गेला आणि साहेब, आई, कुत्रा सगळे 'यू' झाले. त्यामुळे दोन माणसं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली, हे मूळ संवाद सांगत नाही; ते मला ठरवावं लागतं. सध्याच्या मालिकेत दोन महिला पोलीस अधिकारी आहेत. संपादकांना दुसऱ्याच भागात 'तू' हवं होतं. पाचव्या भागात एकीची आई जाते आणि दुसरी न बोलावता येऊन स्वयंपाकघरात भांडी घासायला लागते. 'तू जेवलीस का?' हे पहिलं 'तू' मी तिथे ठेवलंय, आणि त्याच्या आधी येऊ देणार नाही असं कळवलंय.