होल्टर लागेपर्यंत

सोमवार, रात्री

आजचाही ईसीजी नॉर्मल आला. गुलाबी चौकटींच्या कागदावर मिनिटाला ७८ असा दर छापलेला, आणि त्याला डॉक्टरांनी पेनाने केलेला गोल. ते म्हणाले, "ही दहा सेकंदांची पट्टी आहे. दिवसभरात तुमच्या हृदयाचे लाखभर ठोके पडतात. त्यातले हे तेरा मी पाहिले." इतकं सरळ कोणी सांगितलं की बरं वाटतं. तुम्हाला काही झालेलं नाही, असं ते म्हणाले नाहीत. या तेरा ठोक्यांत काही सापडलं नाही, एवढंच म्हणाले.

मला होतं ते असं. चालता-बोलता मध्येच छातीत काहीतरी थबकतं. दुखत नाही, दम लागत नाही. थबकतं, आणि मग गळ्यापाशी एक जोराचा ठोका बसतो. शेतावरच्या मोटारीने हवा धरली की पाइपातलं पाणी थांबतं आणि मग भसकन उसळतं, तसं. कधी अख्खा दिवस काही नाही, आणि कधी रात्रीची भांडी आवरेपर्यंत पुन्हा पुन्हा.

डॉक्टरांनी मला ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवायला सांगितलं. मी डोळे मिटले, आठवलं आणि वाजवलं: टक, टक, टक-टक, मग मोकळी जागा, मग ठक्क. ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, एखादा ठोका वेळेच्या आधीच पडत असावा. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो दुबळा पडतो आणि मनगटावर लागतही नाही. त्याच्यामागे थोडी लांब विश्रांती येते, तेवढ्यात रक्त जास्त जमतं आणि पुढचा ठोका दणक्याने बसतो. म्हणजे मी ज्याला चुकला म्हणते तो चुकलेला नसतो, लवकर येऊन गेलेला असतो.

"पण हा अंदाज झाला," ते म्हणाले. वरच्या कप्प्यांची लयच मोडलेली असू शकते, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थायरॉइड वाढलेलं असू शकतं, हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं, पोटॅशियम कमी पडलेलं असू शकतं, झडपेत दोष असू शकतो. रक्ताच्या तपासण्या, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि होल्टर म्हणजे दिवसभर अंगावर बाळगून ठोके नोंदवणारं यंत्र, असं लिहून दिलं. रक्त लगेच घेतलं. एको गुरुवारी मिरजेला. होल्टरची यंत्रं मोजकीच आहेत, ती फिरत असतात, आमचा नंबर पुढच्या आठवड्यात. तोवर वहीत नोंद ठेवायची: वेळ, काय करत होते, काय वाटलं, किती वेळ टिकलं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशेब लिहिते. नोंद ठेवायला मला कोणी शिकवायला नको. त्या चार रकान्यांत जे बसणार नाही ते इथे लिहीन.

मंगळवार

डाव्या कुशीवर झोपलं की जास्त जाणवतं. हृदय छातीच्या भिंतीला टेकतं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी रात्री दोन वाजता ते पटत नाही. उशीत कान खुपसला की कानातही तेच ऐकू येतं. हे शेजारी गाढ झोपलेले. त्यांना उठवून तरी सांगू काय? आत्ता एक थबकला, असं?

नाडी बघायला शिकले. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या कडेला, दोन बोटं. अंगठ्याने बघायची नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. आणि पूर्ण मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर ज्या गोष्टीसाठी मोजतोय तीच निसटते. पण मोजायला बसले की दुसरंच सुरू होतं. पुढचा ठोका येईल ना, म्हणून मी वाट बघत बसते. आजवर कधीच वाट न बघता तो येत राहिला होता.

म्हणून ठरवलं, सकाळी एकदा, रात्री एकदा. मध्ये मनगटाला हात लावायचा नाही.

बुधवार

हळदीचे मोठे सौदे आटोपले की पावसाळ्यात यार्ड जरा मोकळं असतं. माणसं बोलायला थांबतात. मी काही सांगितलं नव्हतं, पण शेठना सुट्टीचं कारण द्यावं लागलं आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांना कळलं. प्रत्येकाने एकच सांगितलं: टेन्शन घेऊ नका.

माणसं जिव्हाळ्याने बोलतात, ते मला कळतं. पण मनात साठलेलं इथे लिहायलाच हवं. सुरुवातीला ज्या दवाखान्यात गेले तिथेही मला हेच ऐकावं लागलं. वय अठ्ठेचाळीस, पाळी जायचे दिवस, लेक पुण्याला शिकायला गेलेली, घरात सासूबाईंचं करावं लागतं. सगळं विचारून झालं आणि सगळ्याचं उत्तर टेन्शन. मनगटाला बोट न लावता झोपेची गोळी लिहून दिली.

पाळी जाताना धडधड वाढते, हे खरं आहे. काळजीने वाढते, हेही खरं. माझ्या बाबतीत शेवटी तेच निघालं तर मी आनंदाने मान्य करीन. पण ते शेवटी निघायला हवं, तपासण्या झाल्यावर. नाडी न बघता, पट्टी न काढता बाईच्या छातीतल्या धडधडीला मनाचा खेळ म्हणणं, हे निदान नाही. काळजीचा झटका ठरवून वर्षानुवर्षं परत पाठवलेल्या माणसांच्या हृदयात खरोखरच वेगाचा बिघाड सापडल्याची उदाहरणं वैद्यकाला चांगली माहीत आहेत, आणि त्यांत बायका पुष्कळ असतात. ज्या बाईला हे वाचताना आपलं वाटेल तिने दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं. मी गेले.

गुरुवार, उशिरा

आईबद्दल लिहिल्याशिवाय आजचं लिहिता येणार नाही.

आईला लहानपणी घसा धरून ताप आला होता. मग आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर, असे सांधे सुजत गेले. त्या काळात तासगावकडच्या आमच्या आजोळी कोण काय तपासणार? ताप गेला, सूज गेली, पोरगी खेळायला लागली. तो संधिवाताचा ताप होता हे पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या तापाने सांधे सोडले पण हृदयाची झडप धरली. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप आकसत गेली, तिच्यामागचा कप्पा फुगत गेला आणि त्याची लय सुटली. मी आईच्या शेजारी झोपायची, तिच्या मनगटावर बोटं ठेवून. तिच्या नाडीला काही धरबंधच नव्हता. दोन लगबगीने, मग एक उशिरा, मग तीन, मग थांबून एक. मला वाटायचं, मोठ्या माणसांची नाडी अशीच असते.

एका सकाळी चूल पेटवताना तिच्या हातातून फुंकणी पडली. उजवा हात उचलेना, बोलायला गेली तर शब्द येईना. लय सुटलेला कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. त्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते, ती सुटते आणि मेंदूत जाऊन बसते. हे सगळं आम्हाला त्यानंतर समजलं. पुढे रक्त पातळ ठेवायची गोळी, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआरचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहावा म्हणून सारख्या तपासण्या, मेथी-पालक रोज सारख्याच मापाने. सगळं झालं, पण शब्द पुरते परत आले नाहीत. तिने मला शेवटपर्यंत नावाने हाक मारली नाही, हाताने बोलवायची.

माझी भीती इथून आलेली आहे. टेन्शन म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

डॉक्टरांना सोमवारी सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तो आजार आईकडून लेकीला सरळ येत नाही. तो घशाच्या जंतुसंसर्गामागून येतो, आणि झडपेचं काय ते एको सांगेल, मी आधी काही बोलणार नाही.

आज एको झाला. डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गार जेली लावली, दिवे मंद केले. मॅडम यंत्र फिरवत होत्या, मध्येच आवाज सुरू केला की फसफस, फसफस ऐकू यायचं. मी विचारलं, ती झडप कुठली? त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. दोन पातळ पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या. मला त्यातलं काय कळणार, पण आईची झडप अशी उघडत नव्हती एवढं डोक्यात आलं आणि रडू आवरेना. मॅडमनी हात थांबवला, कापसाचा बोळा दिला, काही बोलल्या नाहीत.

झडपा चांगल्या आहेत. कप्पा फुगलेला नाही. पंपिंग ६० टक्के, पंचावन्नच्या वर असलं की ते ठीक असतं. थायरॉइड आणि पोटॅशियमही जागेवर. हिमोग्लोबिन थोडं कमी, १०.८, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू.

लेकीला फोन केला. तीही रडली. मग म्हणाली, "तरी होल्टर करायचंच हं आई." हुशार आहे पोर. हृदयाची बांधणी चांगली आहे हे आज कळलं. ठोके का अडखळतात ते अजून कळायचं आहे.

शनिवार

फोनवर डॉक्टरांना विचारलं, हे जादा ठोके बंद करायची गोळी आत्ताच का देत नाही? त्यांनी सांगितलेलं मी नंतर शोधून वाचलंही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये असे जादा ठोके दिसले तर ते दाबायची औषधं पूर्वी सर्रास देत. अमेरिकेत मोठी चाचणी घेतली तेव्हा १९८९मध्ये दिसलं की त्यातल्या दोन औषधांनी ठोके तर कमी केले, पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. पट्टी सुधारली, माणसं गेली. माझं प्रकरण त्या रुग्णांसारखं नाही, मला झटका आलेला नाही. पण नाव ठरायच्या आधी औषध नको, हे मला त्या एका गोष्टीने पटलं. आता वाट बघताना हात बांधल्यासारखं वाटत नाही.

एक गोष्ट त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला लावली आहे. चक्कर येऊन पडले, छातीत दाबल्यासारखं दुखलं, बसल्या जागी दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा हातातलं बळ गेलं, तर होल्टरची वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा. ते पान ह्यांना आणि सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी १०८ मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवून घेतलं.

मंगळवार

होल्टर लागलं. छातीवर चिकटपट्ट्या, त्यांना तारा, आणि यंत्र गळ्यातल्या छोट्या पिशवीत. उद्यापर्यंत आंघोळ नाही. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९४०च्या दशकाच्या शेवटी पहिलं असं यंत्र केलं, ते पाठीवर घ्यायचं होतं आणि अडतीसेक किलोचं होतं. आता ते मुठीत मावतं. यंत्राला एक बटण आहे, काही जाणवलं की दाबायचं आणि वहीत वेळ टाकायची. लावणाऱ्या मुलाने बजावलं, "ताई, आज नुसतं पडून राहू नका. रोज करता ते सगळं करा, नाहीतर यंत्राला काय दिसणार?"

त्यात आज कोयना धरणातून विसर्ग वाढवला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ३६ फुटांवर. इशारा ४०ला, धोका ४५ला, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं सामान हलवायला लागली. आम्ही विश्रामबागेत, आमच्याकडे पाणी येत नाही, पण जाऊबाई गावभागात. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यांचा तळमजला बुडाला होता, तेव्हापासून त्या चाळीसची वाट बघत नाहीत. हे म्हणाले तू जाऊ नकोस. मी गेले. जड पेट्या पुतण्यांनी उचलल्या. मी धान्याचे डबे, देव आणि कागदपत्रं माडीवर नेली.

वहीतल्या नोंदी अशा:

११.२०, जिना चढताना, काही नाही.
१२.०५, परत जिना, धडधड, पण सरळ, लवकर शांत.
२.४०, जेवून बसल्यावर, थबकला, मग ठक्क. बटण दाबलं.
२.४३, पुन्हा. बटण दाबलं.
२.४४, लागोपाठ दोन.
९.१५, भांडी आवरताना, एक.

२.४०ला मला बरं वाटलं हे लिहून ठेवते. इतके दिवस तो आला की मी घाबरायची. आज मनात म्हटलं, ये, आज तुला पाहणारं कोणीतरी आहे.

बुधवार

यंत्र परत केलं. पाणी ३८वर थांबलंय, रात्रीतून उतरेल म्हणतात. छातीवर चिकटपट्ट्यांच्या जागी लाल चौकोन उठलेत, खोबरेल लावलं.

रिपोर्ट शनिवारी. अर्ध्या दिवसाची रजा सांगितली, शेठ म्हणाले पूर्ण घ्या. डॉक्टरांना विचारायचं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढलं. २.४०ला पट्टीवर काय उमटलंय ते मला दाखवाल का? हे ठोके वरच्या कप्प्यातून येतात की खालच्या? दिवसभरात एकूण किती? झोपेत होतात का, जे मला कळतही नाहीत? एट्रियल फिब्रिलेशन कुठेही दिसलं का, मिनिटभर का होईना? आणि एका दिवसात दिसलं नसेल तर यंत्र आणखी जास्त दिवस लावता येईल का?