छर्‍यांचा तुटवडा आणि पर्यायाची परीक्षा

माझी मुलगी गेली चार वर्षे दहा मीटर एअर रायफल खेळते. डिचोलीतील आमच्या जुन्या घराची मागची पडवी सुदैवाने लांब असल्यामुळे तिथे नियमाप्रमाणे दहा मीटरचे अंतर बसते, आणि पावसाळ्यात रेंजवर जाणे जमत नाही तेव्हा तिचा सराव तिथेच चालतो. या वर्षी ऐन जुलैमध्ये तिचे नेहमीचे जर्मन बनावटीचे छर्रे मिळेनासे झाले. ज्यांच्याकडून आम्ही ते घेतो त्यांनी आधी आठवडाभर थांबायला सांगितले, मग पंधरा दिवस, आणि शेवटी माल कधी येईल हे सांगता येणार नाही असे कळवले. आमच्याकडे दोन डबे शिल्लक होते आणि स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती. एका डब्यात पाचशे छर्रे असतात आणि ती रोज ऐंशी ते शंभर छर्रे झाडते, त्यामुळे दुसरा छर्रा शोधण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांना छर्रा बदलणे ही किरकोळ गोष्ट वाटेल, म्हणून थोडा हिशेब मांडतो. या प्रकारात दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास केवळ अर्धा मिलिमीटर असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो. गुण दशांशात मोजले जातात, अगदी मध्यावरच्या नेमाला १०.९, आणि छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून पाव मिलिमीटर दूर सरकला की एक दशांश कमी होतो. म्हणजे छर्‍यातील दोषामुळे प्रत्येक नेम सरासरी अर्धा मिलिमीटर जास्त बाहेर गेला, तर स्पर्धेच्या साठ नेमांत बारा गुण जातात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताची रमिता जिंदाल पात्रता फेरीत ६३१.५ गुणांनी पाचवी येऊन अंतिम फेरीत गेली आणि एलावेनिल वालारिवन ६३०.७ गुणांवर दहावी राहून बाहेर पडली, हे लक्षात घेतले की बारा गुण म्हणजे काय ते निराळे सांगावे लागत नाही.

ओळखीच्या खेळाडूंकडून आम्ही दुसर्‍या दोन बनावटींचे मिळून तीन डबे जमवले. वजन तिन्हींचे नेहमीसारखेच, ०.५३ ग्रॅम, डोक्याचा व्यास मात्र एकाचा ४.४९ आणि उरलेल्या दोघांचा ४.५० मिलिमीटर होता. पहिल्याच दिवशी मी मोठी चूक केली. नवा डबा उघडून तिच्या हातात दिला आणि तिला उभ्याने नेम धरायला सांगितले. दहा नेमांचे गुण नेहमीपेक्षा दोनाने उतरले, तिचा चेहरा पडला, आणि आम्ही दोघांनीही छर्रा वाईट असे ठरवून टाकले. वास्तविक बनावट बदलल्यावर नळीच्या आत आधीच्या छर्‍यांचे शिसे आणि तेल असते, त्यामुळे नवा छर्रा स्थिरावण्यासाठी वीस-तीस नेम तसेच सोडावे लागतात. हे मला ठाऊक असूनही घाईत मी ते केले नाही, याचे मला अजून वाईट वाटते, कारण त्या दिवशीची शंका तिच्या मनात पुढे बरेच दिवस राहिली.

नंतर मात्र सगळे रीतसर केले. गावातल्या सुताराकडून जड वाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, आणला, त्याच्या जबड्यांना जाड फेल्ट लावून त्यात रायफल बसवली, आणि माणसाचा हात, श्वास, डोळा हे सगळे बाजूला ठेवून फक्त नळी आणि छर्रा यांचीच परीक्षा घेतली. त्याआधी प्रत्येक डब्यातील पन्नास छर्रे जवळच्या सोनाराच्या काट्यावर तोलले. चतुर्थी तोंडावर आल्यामुळे दुकानात गर्दी होती, तरी त्या सज्जन माणसाने एक काटा आम्हाला तासभर दिला. मुलगी चिमट्याने एकेक छर्रा पारड्यात ठेवत होती आणि मी आकडे लिहीत होतो. वजनात फारसा फरक सापडला नाही. दोष सापडला तो घरी, आरशाची काच किंचित तिरकी धरून तिच्यावरून छर्रे घरंगळत सोडले तेव्हा. चांगला छर्रा मागच्या बाजूला फुललेला असल्यामुळे एका सारख्या वळणाने जातो, ४.५० च्या एका डब्यातील दर पाच-सहा छर्‍यांमागे एक मात्र मध्येच अडखळत, डुलत जात होता. भिंगाखाली पाहिले तर त्यांच्या मागच्या पातळ कडा दबलेल्या होत्या, बहुधा प्रवासात डबा आपटल्यामुळे. हवेच्या दाबाने हीच कडा फुलून नळीच्या आतील पेचांना, म्हणजे छर्‍याला फिरकी देणार्‍या खाचांना, घट्ट बसते, त्यामुळे ती एका बाजूने चेपलेली असेल तर छर्रा सरळ जाईल अशी अपेक्षाच करू नये.

वाइसमधून दहा-दहा नेम सोडून छिद्रांचा बाहेरून बाहेरपर्यंतचा पसारा मोजला. नेहमीच्या छर्‍यांचा ५.९ मिलिमीटर भरला, ४.४९ वाल्यांचा ६.८, दबलेल्या डब्याचा ७.८ आणि ४.५० च्या दुसर्‍या डब्याचा ६.१. हा शेवटचा आकडा मी तीन वेळा पुन्हा घेतला आणि प्रत्येक वेळी तो जवळपास तिथेच आला. आमच्या नळीला हा छर्रा मानवतो, याबद्दल मला आता शंका नव्हती. दुसर्‍या रायफलीत हाच छर्रा कदाचित पसरेल आणि ४.४९ जुळून येईल, म्हणून कोणी आमचा आकडा पाहून खरेदी करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलीला मात्र पटत नव्हते. “बाबा, वाइसला काय कळते? मला हातात वेगळे वाटते,” असे ती म्हणाली. तेव्हा मी औषधाच्या दोन सारख्या डब्या घेतल्या, एकीत नेहमीचे आणि दुसरीत नवे छर्रे भरले, आणि कोणत्या डबीत काय आहे ते फक्त माझ्या वहीत लिहिले. दोन्ही बनावटी तिने आधी भरपूर झाडल्या होत्या, तरी बदल करताना नळी स्थिरावण्याचे वीस नेम आम्ही प्रत्येक वेळी सोडलेच. चार दिवस ती अशी खेळली. दर दहा नेमांच्या बेरजेची सरासरी एका डबीची १०३.४ आणि दुसरीची १०३.१ आली, आणि जास्त गुणांची डबी नव्या छर्‍यांची निघाली. वही दाखवल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून साबणाने हात धुऊन आली, कारण शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खायचे नाही हा आमच्या घरचा नियम आहे, आणि म्हणाली, “म्हणजे पहिल्या दिवशी मीच घाबरले होते.”

स्पर्धेत ती नव्या छर्‍यांनीच खेळली. जुने मी मुद्दाम जपून ठेवले होते, पण तिने ते मागितले नाहीत. चतुर्थीनंतर नेहमीचा माल आला. डब्यावरचे नाव तेच असले तरी खाली छापलेला बॅच क्रमांक वेगळा होता. तिने तो वाचला आणि डबा न उघडता पडवीत नेऊन वाइसशेजारी ठेवला.