पिकअपची बॅटरी, स्टेपनी, सायलेन्सर: चोराचा पाना जिथे लागतो तिथेच बंदोबस्त

पहाटे साडेतीनला गाडी भरलेली असते, हौद्यावर ताडपत्री आवळलेली असते आणि चावी फिरवल्यावर साधा टक असाही आवाज येत नाही. खाली वाकून बघितलं तर बॅटरीच्या जागी दोन कापलेल्या वायरी. बॅटरी नवी घेता येते, पण दुकान उघडतं दहाला आणि मेथी-कोथिंबिरीचा लिलाव तोवर संपलेला असतो. पिकअपच्या सुट्या भागांच्या चोरीत मालकाचं खरं नुकसान होतं ते हे. चोरलेल्या भागाची किंमत, बुडालेलं भाडं आणि नासलेला माल एकत्र मांडल्याशिवाय बंदोबस्तावर किती खर्च करायचा ते ठरत नाही. बहुतेक मालक फक्त बॅटरीची किंमत धरतात, म्हणून दीड-दोन हजारांची लोखंडी पेटी त्यांना महाग वाटते.

या चोरीला फार हत्यारं लागत नाहीत. दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना, एक व्हील पाना, एक कटर, झालं. कंपनीने गाडी दुरुस्तीला सोपी जावी म्हणून सगळीकडे साधे षटकोनी नट-बोल्ट दिलेले असतात. मेकॅनिकला जे सोपं, ते चोरालाही सोपं. म्हणून प्रत्येक भाग बघताना एकच प्रश्न विचारायचा: हा नट बाजारातल्या साध्या पान्याने खुलतो का? खुलत असेल तर काम तिथे करायचं. गाडीभर सायरन आणि स्टिकर लावून तो नट तसाच ठेवला तर पैसे वाया गेले.

सगळ्यात आधी बॅटरी. टाटा एसमध्ये, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीत, ती हौद्याखाली चासीच्या बाजूला उघड्यावर असते. वर प्लास्टिकचं झाकण, आत एक आडवी पट्टी आणि दोन नट. सराईत माणसाला दोन मिनिटं पुरतात. बॉनेटखाली बॅटरी असलेल्या गाड्या जरा बऱ्या, पण बॉनेटची केबल खालून ओढून उघडणारे आहेतच. बॅटरीला गिऱ्हाईक लगेच मिळतं, कारण तिच्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग शिशाचा असतो आणि शिसं भंगारात वजनावर जातं.

पेटी बनवताना ३ मिलिमीटरचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, पत्रा घ्या. त्याहून पातळ पत्रा पहारीने वाकतो. बिजागरी बाहेर ठेवली तर तिची पिन ठोकून काढतात, म्हणून बिजागरी आतल्या बाजूला घ्यावी किंवा पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टाका मारावा. साधं लोंबतं कुलूप टाळा, त्याची कडी कटरमध्ये अलगद येते. शटरला लावतात तसलं गोल, कडी झाकलेलं कुलूप घ्यावं आणि त्याभोवती पत्र्याची बाही वेल्ड करून घ्यावी, म्हणजे कटरचा जबडा शिरत नाही. पेटीला खाली आणि बाजूला वरच्या कडेजवळ भोकं हवीतच. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि वर चढतो, तो कोंडला आणि ठिणगी पडली की बॅटरी फुटते. भोकं खाली असली की पावसाचं पाणीही निघून जातं. झाकण आणि टर्मिनल यांच्यात किमान बोटभर, २५ मिलिमीटर तरी जागा ठेवा आणि झाकणाला आतून रबर चिकटवा. खड्ड्यात बॅटरी उसळून प्लसचं टर्मिनल पत्र्याला टेकलं तर वायरिंग जळतं. बॅटरीखाली रबरी मॅटही टाका, नाहीतर तळ घासून चिरतो आणि ॲसिड गळतं.

पेटी चासीला बसवताना वेल्डिंगवाल्याला एक सांगायचंच: चासीला टाका मारायचा नाही. चासीच्या पोलादाला वेल्डिंगची उष्णता लागली की ती जागा कमजोर होते आणि भरल्या गाडीत तडा तिथूनच सुरू होतो. कंपनीने दिलेली रिकामी भोकं वापरून बोल्टाने पेटी आवळा. गाडीवर कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची काळी वायर सोडा, बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, कनेक्टरही काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. हे न केल्याने ईसीयू गेल्याचे प्रकार गॅरेजमध्ये नेहमीचे आहेत, आणि ईसीयूच्या किमतीत कित्येक बॅटऱ्या येतात.

स्टेपनीचं गणित वेगळं आहे. बोलेरो पिकअपच्या जास्त वजनाच्या मॉडेलांना ७.०० आर १५ चा टायर लागतो. डिस्कसकट, म्हणजे चाकाच्या लोखंडी रिंगसकट, तो चोरीच्या बाजारात लगेच खपतो आणि तुमच्या खिशाला चांगलाच लागतो. स्टेपनी मागे हौद्याखाली टांगलेली असते, साखळीच्या कॅरियरवर किंवा ब्रॅकेट आणि नटावर. साखळीचा कॅरियर असेल तर चोर हँडलची दांडी फिरवत बसत नाही, साखळीच कापतो. उपाय असा: ८ मिलिमीटरची कडक केलेली पोलादी साखळी डिस्कच्या भोकातून घेऊन चासीच्या आडव्या मेंबरला वेढा द्या आणि कुलूप लावा. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी गॅल्व्हनाइज्ड साखळी मऊ असते, ती साध्या कटरनेही तुटते. साखळीवर मोटरसायकलची जुनी ट्यूब चढवा, म्हणजे ती खडखडत नाही आणि डिस्कचा रंग खरवडत नाही. वेढा देताना ब्रेकचा पाइप किंवा टेललाइटची वायर साखळीखाली चेपली जात नाही ना, हे हाताने चाचपून बघा. नजरेने ते कळत नाही.

या कुलपाचा मोठा शत्रू चिखल. चावीचं भोक खाली आणि मागच्या चाकाच्या विरुद्ध बाजूला येईल असं कुलूप फिरवा, वर ट्यूबचा तुकडा झाकणासारखा बांधा. आत ग्रीस भरू नका, ग्रीसला माती धरते आणि महिन्याभरात चावी फिरेनाशी होते. पेन्सिलीच्या शिशाची पूड, म्हणजे ग्राफाइट, चांगलं काम करतं. महिन्यातून एकदा स्टेपनी खाली उतरवून कॅरियरची साखळी फिरते का ते बघा. भर पावसात घाटात पंक्चर झालं आणि गंजलेलं कुलूप उघडलं नाही, तर हाच बंदोबस्त गळ्याशी येतो. एक चावी जुडग्यात, दुसरी केबिनमध्ये ड्रायव्हरला ठाऊक असलेल्या जागी ठेवावी.

लावलेली चाकंच काढून गाडी विटांवर ठेवण्याचे प्रकारही होतात. त्यासाठी प्रत्येक चाकाला एक लॉक नट पुरतो. नटाचं टोक, कोनाची बैठक आणि आटे मूळ नटासारखेच असले पाहिजेत. वेगळ्या बैठकीचा नट आवळलेला वाटतो, पण चालत्या गाडीत ढिला होतो. लॉक नटाचा अडॅप्टर पंक्चरवाल्याच्या एअर गनवर कधीही लावू देऊ नका. त्याचे दाते मोडले की तुमचाच नट तुम्हाला छिन्नीने काढावा लागतो.

आता सायलेन्सर. पूर्वी पिकअपच्या सायलेन्सरकडे कोणी बघत नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल पिकअपच्या धुराच्या मार्गात प्लॅटिनम, पॅलेडियम लावलेले धूर साफ करणारे भाग वाढले. पेट्रोल-सीएनजी गाड्यांच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे अशाच धूर साफ करणाऱ्या डब्यात, रोडियमही असतं. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिचा चुरा म्हणजे चोरांच्या भाषेतली ‘माती’. सगळी किंमत त्या मातीची. व्हॅनच्या सायलेन्सर चोऱ्यांत हा धंदा आधी उघडा पडला, पद्धत इथेही तीच. कधी अख्खा सायलेन्सर जातो, तर कधी आतली माती काढून डबा परत वेल्ड करून बसवतात आणि मालकाला महिनोन्महिने कळत नाही. आवाज अचानक मोठा आणि पोकळ झाला, चेक इंजिनचा दिवा लागला किंवा डब्याच्या शिवणीवर नवा टाका दिसला, की गाडी लिफ्टवर घ्या.

त्यावर पिंजरा बसवता येतो. ४० बाय ५ मिलिमीटरची एमएस पट्टी किंवा १० मिलिमीटरची सळई घ्या आणि दोन पट्ट्यांत इतकंच अंतर ठेवा की हात आणि ग्राइंडर आत जाणार नाही. पिंजरा आणि सायलेन्सर यांच्यात किमान ४० मिलिमीटर मोकळं राहू द्या. डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. म्हणून पिंजऱ्याला रबर, रेक्झीन, ताडपत्रीची दोरी काही बांधायचं नाही. सेन्सरच्या वायरी पिंजऱ्याला टेकल्या तर वितळतात. सायलेन्सरच्या डब्यावर थेट वेल्डिंग तर नकोच, आतली जाळी तडकते.

पिंजरा चासीला ज्या बोल्टांनी धरायचा, खरा बंदोबस्त त्या बोल्टांत आहे. गोल, बसक्या डोक्याचे एम-१० ॲलन बोल्ट आणा. त्यांना ६ मिलिमीटरची ॲलन की लागते. नट पट्टीच्या आतल्या बाजूला आधीच वेल्ड करून घ्या, नाहीतर चोर पुढचं डोकं सोडून मागचा नट खोलतो. स्प्रिंग वॉशर टाकून बोल्ट पक्का आवळा. मग डोक्यातल्या षटकोनी भोकात बेअरिंगचा ६ मिलिमीटरचा छर्रा बसवा. तो अर्धा आत जाऊन घट्ट राहतो. वरून एम-सील दाबून, ओल्या बोटाने गुळगुळीत करून रात्रभर सुकू द्या. आता की जात नाही आणि डोकं गोल असल्याने पाइप पाना घसरतो. सर्व्हिसिंगला पिंजरा काढायचा झाला की बारीक छिन्नीने एम-सील कोरायचं, छर्रा चुंबकाला लागून येतो. छर्रा हातोडीने ठोकून बसवू नका, मग तो तुम्हालाही निघणार नाही. आणि ही युक्ती सायलेन्सरच्या फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या जोडाच्या चकतीवर, करू नका. तिथल्या उष्णतेने एम-सील ठिसूळ होऊन गळून पडतं. पिंजऱ्याचे बोल्ट गार जागी असतात, तिथेच ती टिकते.

डिझेलसाठी चावीचं झाकण आणि नळीत घट्ट बसणारी जाळी लावा. पण टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग विसरला जातो, त्यावर वाकडी पट्टी बोल्टाने अडकवा. डिझेल पूर्ण उपसलं गेलं असेल तर नवं टाकून लगेच सेल्फ मारत बसू नका. लाइनमध्ये हवा शिरलेली असते. हातपंप कडक लागेपर्यंत दाबून हवा काढा, मगच चावी. चोराच्या नळीबरोबर मातीही टाकीत गेलेली असते, म्हणून फिल्टर त्याच दिवशी बदला.

गाडी उभी करायच्या सवयीचा पैसा लागत नाही, तरी लोक तिथेच कमी पडतात. फाळका भिंतीपासून वीतभर अंतरावर येईल अशी मागे घेऊन लावा, स्टेपनीखाली शिरायला जागा उरत नाही. बॅटरीची बाजू भिंतीकडे. दोन गाड्या असतील तर बॅटऱ्या आमनेसामने. लासलगावला कांद्याच्या किंवा नारायणगावला टोमॅटोच्या रांगेत असं करता येत नाही, तिथे ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो, पण दिवसभराच्या थकव्याने त्याला खालची खुडबूड ऐकू येत नाही. तिथे जीपीएस उपयोगी पडतो. आत स्वतःची छोटी बॅटरी असलेलं मॉडेल घ्या आणि त्याची वायर फ्यूज टाकून थेट मुख्य बॅटरीला जोडा. मुख्य वायर तुटताच ते मोबाइलवर सूचना पाठवतं. या सूचनेला वेगळी, मोठी रिंग लावा आणि रात्री फोन सायलेंटवर टाकू नका.

प्रत्येक भागाची ओळखही करून ठेवा. बॅटरीचा अनुक्रमांक, टायरवरचा नंबर आणि डिस्क यांचे फोटो काढून बिलांबरोबर मोबाइलमध्ये ठेवा. बॅटरीच्या वरच्या झाकणावर सोल्डरिंग आयर्नने गाडीचा नंबर हलका उमटवा. बाजूच्या भिंतीवर नको, खोल गेलं तर ॲसिड गळेल. गॅरेजला सायलेन्सरचं काम दिलं तर जुना भाग परत मागून घ्या, मागण्यात संकोच नको.

विम्यावर विसंबून राहू नका. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत आयएमटी २१ हे कलम असतं. त्यानुसार गाडी पूर्णच गेली नसेल तर दिवे, टायर, ट्यूब, बंपर यांचं नुकसान मिळत नाही. जादा हप्ता भरून घेतलेलं आयएमटी २३ देखील गाडीचं त्याच वेळी इतर नुकसान झालं असेल तरच टायरला लागू पडतं. म्हणजे नुसती स्टेपनी गेली तर क्लेम जवळपास नाहीच. बाकी भागांसाठी क्लेम करताना सक्तीची वजावट आणि जाणारा नो क्लेम बोनस यांचा हिशोब आधी मांडा.

तक्रार मात्र करायचीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीचं कलम ३०३ आहे आणि मालवाहतुकीच्या वाहनातून वस्तू चोरण्यासाठी कलम ३०५, त्यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे. ३०३ मध्ये ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरतात आणि मग नुसती एनसी हातात पडते. म्हणून ठाण्यात जाताना बॅटरीचं बिल, कापलेल्या वायरिंगच्या दुरुस्तीचा अंदाज आणि तोडलेल्या पेटीची किंमत लेखी न्या, आणि मालवाहू गाडी आहे हे तक्रारीत स्पष्ट लिहा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागा. त्याआधी, सकाळी सकाळीच, समोरच्या दुकानदाराला आणि पेट्रोल पंपाला सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवायला सांगा, कारण नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं. आणि तात्पुरती गाडी सुरू करायला शेजारच्या मोठ्या ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून वायर ओढू नका. तुमची गाडी १२ व्होल्टची आहे.