दिवसा बरा, रात्री बंद

समुद्रालगतच्या रस्त्यावर रात्री जे काही झगमगतं त्याला लोक सरसकट निऑन म्हणतात. त्यातलं बहुतेक आता सिलिकॉनच्या नळीत बसवलेलं एलईडी असतं. काचेचे फलक थोडेच उरलेत, आणि त्यांतही खरा निऑन फक्त लाल-नारिंगी अक्षरांत. निळ्या अक्षरांत आर्गॉन आणि पाऱ्याचा एक थेंब. मी दुरुस्तीला गेलो त्या हॉटेलच्या फलकावर दोन्ही होतं. वरची ओळ लाल, खालची निळी, सगळ्या नळ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक साखळीत जोडलेल्या, आणि १२,००० व्होल्टचा एकच ट्रान्सफॉर्मर.

रात्री नऊच्या पुढे फलक बंद पडतो, ही तक्रार. मी दोनदा भर दुपारी गेलो, दोन्ही वेळा फलक लखलखीत. "तुम्ही आलात की चालतोच हो," मॅनेजर म्हणाले. वायर सोडवून १,००० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीज कुठे गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन तपासलं, उत्तम निघालं. दोन्ही वेळा 'दोष आढळला नाही' लिहून सही केली. माझ्याआधीच्या कारागिराने तर ट्रान्सफॉर्मरच दोनदा बदलला होता. दोष सापडेना की ट्रान्सफॉर्मर बदला, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

तिसऱ्यांदा रात्री गेलो. दुपारी ६२ टक्के असलेली आर्द्रता ८४वर पोचली होती. पावणेदहाला फलक विझला. ट्रान्सफॉर्मरच्या आतलं संरक्षक सर्किट जमिनीकडची गळती १५ मिलिअँपिअरवर जायच्या आत पुरवठा तोडतं. मेन स्विच बंद करून पुन्हा लावली की चालू होतं. लावलं, आठ-दहा सेकंद टिकला, पुन्हा गेला.

शोध कुठून घ्यायचा हे ठरलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम, म्हणजे जास्त व्होल्टच्या, गुंडाळीचा मध्य जमिनीला जोडलेला, म्हणजे दोन्ही टोकांना जमिनीच्या तुलनेत ६,००० व्होल्ट आणि नळ्यांच्या साखळीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. गळती बहुधा टोकाशी. ती डोळ्यांना दिसते, पण त्यासाठी काळोख लागतो आणि त्या रस्त्यावर काळोख मिळणं मुश्कील. शेजारच्या बारचा एलईडी पडदा दर दोन सेकंदांनी रंग बदलत होता. शेवटी मदतनीस पोराने काळं कापड आडवं धरलं, मी हातभर लांब राहिलो आणि मेन लावायला सांगितलं. आधी ओझोनचा उग्र वास आला, मग सुर्र असा आवाज. खालच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापाशी, इलेक्ट्रोडच्या, म्हणजे नळीला वीज जोडतात त्या टोकाच्या, रबरी टोपीवरून लोखंडी चौकटीकडे ठिणगीची जांभळी अळी वळवळत होती.

कारण मीठ. कोरडा मिठाचा थर वीज वाहत नाही, म्हणून दुपारी मेगर गप्प. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि थर वाहक होतो. गळतीच्या उष्णतेने तो मध्येच सुकतो, त्या सुक्या फटीवरून ठिणगी उडते, रबर जळून कोळशाची रेघ उमटते. ती रेघ पुसून जात नाही, टोपी बदलावीच लागते. ओझोन तर रबराला तसाही खातो, म्हणून सिलिकॉनची टोपी.

पण वरची ओळ तितक्याच खाऱ्या वाऱ्यात स्वच्छ कशी? तिच्यावर पाऊस पडतो. दोन ओळींच्या मध्ये हॉटेलने पत्र्याचं छप्पर बसवलेलं होतं, खालची अक्षरं आणि दार भिजू नये म्हणून. पाऊस अडला, समुद्राचे खारे तुषार आत येतच राहिले आणि मीठ धुवायला कुणी उरलं नाही.

मेन काढून फ्यूज खिशात घातला. खालची ओळ गोड्या पाण्याने दोनदा धुतली, अल्कोहोलने पुसली, चार टोप्या बदलल्या, वायर चौकटीपासून चार सेंटिमीटर दूर बांधली. रात्री एकला लावला, तो टिकला. काम चालू असताना मॅनेजर हळूच विचारून गेले, संरक्षण नसलेला जुना ट्रान्सफॉर्मर बसवला तर चालेल का. चालेल, आग लागेपर्यंत. आणि असं बसवून देणारे भेटतात, ही वेगळीच रड.

मला अजून खुपतं ते दुपारचं. मेन बंद ठेवून खालच्या ओळीवर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला असता आणि दूर उभं राहून मेन लावली असती, तर दहा मिनिटांत भर उन्हात फलक विझला असता. फवाऱ्याची बाटली गाडीतच होती, काच पुसायला.

छप्पर काढा किंवा महिन्यातून एकदा खालची ओळ धुऊन घ्या, असं लिहून दिलं. त्याच आठवड्यात त्यांनी छपराला नवा रंग दिला.